दातातलं क्लॅरिनेट

माझे सासरे जालन्यातल्या एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा त्यांना दम्याने धरलेलं होतं. पुढच्या दोन लग्नसराया त्यांनी कशाबशा काढल्या. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सरळ सांगितलं की फुंकायचं काम बंद. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. रस्त्याने वरात चालली की उठून मागच्या खोलीत जायचे आणि आवाज लांब गेल्यावर परत यायचे.

मी एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि त्यावर एक वर्षाचा डिप्लोमा केला होता. सकाळी पाच बॅच, संध्याकाळी तीन. आठही बॅचला तेच शिकवायचं. फाइल उघडा, फाइल ठेवा, फाइल बंद करा. दुपारी घरी येऊन स्वयंपाक, मामांचं जेवण (सासऱ्यांना मी मामा म्हणायची), त्यांची वाफ घ्यायची तयारी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर होता. गाळपाच्या हंगामात तो तिकडेच राहायचा, पंधरा दिवसांनी एकदा यायचा, आला की झोपायचा. घरात बहुतेक वेळ मी आणि मामा, आणि क्लासने जुना म्हणून काढून टाकलेला एक कॉम्प्युटर, जो मी घरी आणून दुरुस्त केला होता.

एका दुपारी बँडचे मालक घरी आले. मामांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान माणूस, मामांना काका म्हणणारा. चहा झाला. मग ते म्हणाले, "काका, ट्रॉलीवर कीबोर्ड लावला मी. सगळ्यांनीच लावला, इलाज न्हाई."

"बराबर," मामा म्हणाले.

"पण त्यातलं क्लॅरिनेट गुळगुळीत हाय. प्लास्टिकवानी. जुनी माणसं म्हणत्यात, तुमच्याकडचं ते काकाचं क्लॅरिनेट कुठं गेलं. मंग मी म्हणलं, सूनबाई कॉम्प्युटरच्या मास्तरीण. तुमचा आवाज त्या मशीनमधी बसवता येईल का?"

मामांनी कप खाली ठेवला. "म्हंजी आवाज जाईल वरातीला, अन् मी इथं बसीन."

मालकांनी मान खाली घातली. मग मामांनी मला विचारलं, "होईल का?"

"माहीत नाही, मामा."

"मंग करून बघ."

त्यांना राग यायला हवा होता, असं मला तेव्हा वाटलं. नंतर लक्षात आलं की रागाला दम लागतो, आणि तो त्यांच्याकडे उरला नव्हता. मी हो म्हणाले त्याचं कारणही फार मोठं नव्हतं. फाइल उघडा, फाइल बंद करा, याखेरीज दुसरं काहीतरी मला त्या कॉम्प्युटरवर करायचं होतं.

सोपा रस्ता म्हणजे मामांचं वाजवणं टेप करून कॉम्प्युटरमध्ये भरायचं. पण मामा आता फुंकू शकत नव्हते. लग्नांच्या जुन्या कॅसेट होत्या, त्यात ढोल आणि ट्रंपेटांच्या खालून क्लॅरिनेट कुठेतरी डोकावायचं तेवढंच. एका कॅसेटवर मात्र वरात थांबलेली असताना मामांनी एकट्याने वाजवलेले अर्ध्या मिनिटाचे सूर होते. तेवढाच नमुना. बाकी आवाज मुळापासून घडवावा लागणार होता.

कॉम्प्युटरमध्ये आवाज म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. साधी लाट घेतली तर टेलिफोनच्या टोनसारखी वाजते. त्या लाटेला दुसऱ्या लाटेने हलवायचं, याला मॉड्युलेशन म्हणतात. हलवणारी लाट दुप्पट वेगाची ठेवली की आवाज पोकळ, लाकडी होतो, क्लॅरिनेटच्या वळणावर जातो. हे मला औरंगाबादच्या रद्दीत मिळालेल्या एका जुन्या मासिकातून कळलं. बाकीचं नेट कॅफेत बसून कागदावर उतरवून आणलं.

पण क्लॅरिनेटला तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, रीड. तिची खरखर काही येईना. त्यासाठी फीडबॅक लागला. सभेत कोणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की तो किंचाळतो, तोच प्रकार. निघालेला आवाज परत आपल्याच तोंडात जातो. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी हलवणाऱ्या लाटेचा मागचा आकडा तिच्याच पुढच्या आकड्यात थोडा थोडा मिसळायला लागले. जरासा मिसळला की खरखर यायची. जास्त झाला की सगळंच फिसकटायचं. कमी ठेवला तरी आवाज मध्येच थरथरायचा. मागचा एकच आकडा न घेता मागच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यावी, म्हणजे थरथर थांबते, एवढं सुचायला मला पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ लागला.

हे सगळं दुपारी दोन ते चारमध्ये, तेही लाइट असेल तर. चार वाजता उठून तोंड धुवायचं आणि पाचच्या बॅचला जायचं. कित्येकदा खुर्चीतच डोळा लागायचा आणि गालावर बटणांचे चौकोन उमटलेले असायचे.

आवाज जरा उभा राहिल्यावर मी मामांना हाक मारली. ते खुर्ची ओढून बसले. मी कॉम्प्युटरच्या अक्षरांवर सा रे ग म वाजवून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे कोणाचं हाय?"

"तुमचं, मामा. त्या कॅसेटवरून केलंय."

"मी न्हाई हा."

मी कॅसेट लावली. तीच अर्ध्या मिनिटाची. त्यांनी मान हलवली. "ह्यो बी मी न्हाई. टेपमधी कोणाचाबी आवाज असाच येतो."

मी पुन्हा बदल केले. ते पुन्हा नाही म्हणाले. असं सात-आठ आठवडे चाललं. काय कमी आहे ते त्यांना सांगता येईना आणि मला शोधता येईना. एकदा मी चिडून म्हणाले, "मामा, कमी काय आहे ते तर सांगा. जाड आहे? बारीक आहे?"

ते जबड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "दातात येत न्हाई."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, तेही थांबून थांबून, कारण चार वाक्यांनंतर त्यांना श्वास घ्यायला लागायचा. क्लॅरिनेटच्या तोंडावर वरचे दात टेकलेले असतात. बँडमध्ये डाव्या हाताला ढोल, मागे ट्रंपेट, पुढे नाचणारी माणसं. कानाला स्वतःचं काहीच ऐकू येत नाही. ऐकू येतं ते दातातून कवटीत जातं तेवढंच. त्यावरच सूर धरायचा. तीस वर्षं त्यांनी स्वतःला दातांनी ऐकलं होतं. बाहेरून आपण कसे वाजतो ते त्यांना माहीतच नव्हतं.

मी डोक्याला हात लावला. कोणाला विचारून मी आवाज जुळवत होते, तर ज्या एकट्या माणसाने तो कधी कानांनी ऐकलाच नव्हता, त्याला.

दुसऱ्या दिवशी क्लासमधून येताना मी लाकडी फूटपट्टी घेऊन आले. कॉलेजात असताना ट्यूनिंग फोर्क दाताला लावून ऐकला होता, ते आठवलं. स्पीकरचा लाकडी डबा टेबलाच्या कडेला ओढला आणि पट्टीचं एक टोक त्यावर टेकवलं. मामांना म्हटलं, "दुसरं टोक दातात धरा."

"हे काय खूळ?"

"धरून तर बघा."

त्यांनी धरलं. मी एक सूर दाबला. त्यांचे डोळे एकदम माझ्याकडे वळले. पट्टी दातातच ठेवून त्यांनी हाताने खूण केली, अजून. मी फीडबॅक वाढवला. अजून. आणखी वाढवला. खोलीत तो आवाज कर्कश होत चालला होता, पत्रा घासल्यासारखा, पण लाकडातून जाताना त्याची धार मरत असणार, कारण ते अजून मागतच होते. मग त्यांनी हात वर करून थांबवलं. डोळे मिटले. मी सावकाश सूर बदलत राहिले आणि त्यांची बोटं मांडीवर भोकं झाकायला आणि उघडायला लागली.

बऱ्याच वेळाने त्यांनी पट्टी काढली, टोक लुंगीला पुसलं. "हा हाय," म्हणाले.

मी तो आवाज 'मामा दोन' या नावाने ठेवला. कॅसेटवरून केलेला होता तो 'मामा एक'. त्या दिवशी पाचच्या बॅचला मी दहा मिनिटं उशिरा गेले.

त्यानंतर ते रोज दुपारी पट्टी घेऊन बसायला लागले. श्वासाचा जोर वाढला की आवाजाची धार वाढली पाहिजे, असं त्यांनी सांगितलं, म्हणून मी फीडबॅकलाच आणखी एक मॉड्युलेशन जोडलं. जोर वाढला की फीडबॅक वाढणार, जोर ओसरला की उतरणार. जोरासाठी मी आकड्यांची बटणं वापरायची, एक ते नऊ. सूर धरून ठेवला की तिसऱ्या मात्रेला किंचित कंप यायला हवा, पहिल्यापासून नको, हेही त्यांनीच सांगितलं. "कंप पहिल्यापासून देणारा शिकाऊ असतो," ते म्हणाले. हे सगळं करायला दुसरं वर्ष गेलं. मी वाळले. क्लासमधल्या बाई विचारायच्या, काही गोड बातमी आहे का, म्हणून चेहरा उतरलाय. मी नाही म्हणायची.

नवरा एकदा हंगामातून आला तेव्हा दारातच थांबला. बाप तोंडात फूटपट्टी धरून स्पीकरला चिकटलेला आणि बायको बटणं दाबतेय. तो हातपाय धुवायला गेला. जेवताना म्हणाला, "हे कोणासाठी करून राह्यली तू?"

"मालकांनी सांगितलंय."

"मालकानं दोन वर्षांमागं सांगितल्तं. त्याला आठवत तरी असंल का?"

मी भाकरी वाढली. तो म्हणाला, "मी भांडत न्हाई. तुझे डोळे बघ एकदा आरशात, एवढंच."

त्याचेही डोळे काही वेगळे नव्हते. मळीचा वास त्याच्या कपड्यांतून दोन धुण्यांतही जात नसे. त्या रात्री आम्ही दोघंही नऊ वाजताच झोपलो.

मालकांना आठवत होतं. निरोप पाठवल्यावर ते लगेच आले. मी मोठ्या उमेदीने 'मामा दोन' लावला. एवढी मेहनत त्याच आवाजावर झाली होती. मालकांनी चेहरा वेडावाकडा केला. "ताई, राग मानू नका. हे बकरीच्या मानेवर पाय दिल्यावानी वाटतंय."

मामा खाटेवर होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. 'मामा एक' मध्ये मागाहून तोच कंप आणि तोच श्वासाचा जोर मी घातला होता, तो लावला. मालकांनी डोळे मोठे केले. मग हळूहळू हसले. "हां. हे काकाचं. बिलकुल काकाचं." त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी रुमाल काढला.

मालक गेल्यावर मामा म्हणाले, "म्हंजी लोकायला मी असा ऐकू येत व्हतो?"

"हो, मामा."

"तीस वर्षं?"

"हो."

त्यांनी 'मामा एक' परत लावायला सांगितला. या वेळी पट्टी घेतली नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरा हाय. साधा हाय जरा." आणि पाणी मागितलं.

मालकांनी कीबोर्ड दोन दिवसांसाठी घरी पाठवला. कीबोर्डवरचं बोट कॉम्प्युटरला कळावं म्हणून जी वायर लागते, ती जालन्यात मिळेना, म्हणून मी स्वतः सोल्डरिंगचा डाग देऊन जोडली. बोट दाबल्यावर आवाज यायला पापणी लवेल एवढा उशीर व्हायचा, तो कमी करण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सगळे सूर एकेक करून तपासले. कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक चाक होतं, श्वासाच्या जोरासाठी मी तेच जोडलं. जरा फिरवून बघितलं, धार वाढली, सोडून दिलं. डोकं चालत नव्हतं. बॅचची वेळ झाली होती.

पहिली वरात हसनाबादला होती. मी क्लासमधून सुट्टी घेतली. मामा म्हणाले, मीपण येतो. धूळ असेल म्हटलं तर म्हणाले, "धुळीतच जलम गेला माझा." जीपमध्ये पुढे त्यांना बसवलं. मागे ट्रॉली, ट्रॉलीवर जनरेटर, भोंगे, आणि कीबोर्डच्या शेजारी पोत्यांवर ठेवून दोरीने बांधलेला माझा कॉम्प्युटर. कीबोर्ड वाजवणारा जाडसर, हसतमुख माणूस होता. त्याने मला नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ."

वरात गावाच्या वेशीजवळून निघाली. पहिलं गाणं कीबोर्डच्या नेहमीच्या आवाजात झालं. दुसऱ्याला मालकांनी खूण केली आणि भोंग्यातून मामांचं क्लॅरिनेट निघालं. मी ट्रॉलीच्या मागून चालत होते. दोन म्हातारी माणसं ओट्यावरून उठून पुढे आली, तेवढं मी बघितलं. जीपच्या खिडकीवर मामांचा हात होता. बोटं हलत होती.

कडवं संपून सूर लांबवायची जागा आली. वाजवणारा रंगात आला होता. त्याने ते डाव्या बाजूचं चाक पार टोकापर्यंत ढकललं. घरी मी आकड्यांच्या बटणांनी जोर दिला होता, तो नवाच्या पुढे कधी गेला नव्हता. चाकाचा जोर त्याच्या कितीतरी पुढे जात होता आणि मी कुठे थांबायचं ते प्रोग्रॅममध्ये लिहिलंच नव्हतं. फीडबॅक सुटला. तापल्या तव्यावर पाणी ओतावं तसा फस्स आवाज चारही भोंग्यांतून आला. एक बैल बिथरला. नाचणाऱ्यांतल्या एकाने वर बघितलं.

वाजवणाऱ्याने शांतपणे एक बटण दाबलं आणि कीबोर्डचा प्लास्टिकचा आवाज सुरू झाला. ढोल थांबला नव्हता. नाचणारे नाचत राहिले. ओट्यावरची ती दोन माणसं परत जाऊन बसली. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांत झालं असेल. मालक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "असू द्या, ताई. होतं." पुढच्या गाण्याला त्यांनी खूण केली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही.

परतीच्या वाटेला मी जीपमध्ये मामांच्या शेजारी बसले. भोकरदनचा रस्ता संपत आला. तेव्हा मी म्हणाले, "चुकलं माझं, मामा."

"कोणाला कळलं?" ते म्हणाले.

"काय?"

"चुकलं ते. नवरदेवाला कळलं? त्याच्या बापाला कळलं? मी एकदा अंबडच्या लग्नात रीड फुटल्यावर अर्धं गाणं नुसता फुंकल्याचा देखावा केल्ता. कोणाला न्हाई कळलं." ते खोकले. खोकला थांबेपर्यंत मी त्यांची पाठ चोळली. "अन् जेवढं वाजलं तेवढं वाजलं. आपल्याला कळलं ना?"

मी हो म्हणाले. मला रडू येत नव्हतं. एवढी थकले होते की रडण्यापुरतीही ताकद जमा होत नव्हती.

चूक एका ओळीची होती. जोर अमुक आकड्याच्या वर गेला तर तिथेच थांबव, एवढंच. पुढच्या रविवारी मी ती ओळ लिहिली. चाकाच्या ऐवजी प्रोग्रॅमला मोठे आकडे देऊन तपासलं, आवाज शेवटपर्यंत टिकला. मालकांना निरोप पाठवला. त्यांनी उलट निरोप पाठवला की लग्नसराई संपली की बघू. लग्नसराई संपल्यावर ते आले ते मामांच्या तब्येतीची चौकशी करायला. कॉम्प्युटरचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या ट्रॉलीवर नवा कीबोर्ड होता. क्लासमध्ये सरकारी कोर्स सुरू झाले, आठ बॅचच्या दहा झाल्या. कुठेही अर्ज करताना अनुभव म्हणून हा प्रोग्रॅम मी कधी लिहिला नाही. लिहिलं असतं तरी वाचणाऱ्याला काय कळलं असतं कोण जाणे.

दुरुस्ती केलेला आवाज मी त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना ऐकवला होता. 'मामा एक'च. त्यांनी खाटेवरूनच ऐकला. चाक टोकाला गेल्यासारखा जोर मी दिला, सूर लांबला, तिसऱ्या मात्रेला कंप आला आणि फुटला नाही. ते म्हणाले, "झालं ना आता?"

"झालं."

"मंग बंद कर अन् पड जरा."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि मागच्या खोलीत चटई टाकली. दोन वर्षांत दुपारी अशी आडवी झाले नव्हते. पावणेतीनच्या सुमारास शेजारच्या काकू काहीतरी मागायला आल्या. झोपेत मला त्यांची हाक ऐकू आली आणि मग पुढच्या खोलीतून मामांचं बोलणं.

"निजली ती," ते हळू आवाजात सांगत होते. "पाचाच्या आत उठवू नका."

पाचाच्या आत म्हणजे माझी बॅच चुकणार होती. मला ते कळत होतं. मी कूस बदलली.